इमारत पडली, पाटी उरली

"नाव बदलून कुणाचे पोट भरणार आहे?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात तो गावोगावी विचारला गेला. विचारणारे बहुतेक असे की ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे शाळेच्या कोनशिलेवर, वाचनालयाच्या दारावर, चौकाच्या पाटीवर आधीच लागलेली होती. आणि ज्या नावाने पोट भरत नाही म्हणून सांगत होते, तेच नाव अडवण्यासाठी १९७८ मध्ये आपल्या वस्त्या जाळल्या, पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला. नाव इतके क्षुल्लक असते तर ते रोखायला माणसे मारावी लागली असती का?

हे सगळे पुन्हा मांडायचे कारण अमेरिकेतले एक विद्यापीठ आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्याचे चॅपेल हिल येथील सरकारी विद्यापीठ. १७९५ पासून चालू असलेले, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. तिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुतळे आणि इमारतींची नावे यांवरून मोठा संघर्ष झाला. आपल्याकडे त्यातला पुतळा पाडल्याचा व्हिडिओ फिरला, लाइक-शेअर झाले, विषय संपला. मला मात्र पुतळ्यापेक्षा तिथल्या रसायनशास्त्र विभागाच्या इमारतीबद्दल बोलायचे आहे. तिचे नाव व्हेनेबल हॉल. या इमारतीवरून मोर्चे निघाल्याचे फारसे कुणी ऐकलेले नाही, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे.

फ्रान्सिस प्रेस्टन व्हेनेबल (१८५६-१९३४) हे नाव ज्याचे, तो माणूस लहान नव्हता हे आधीच कबूल करून टाकू. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट. १८८० पासून चॅपेल हिलला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. रसायनशास्त्राच्या इतिहासावर आणि मूलद्रव्यांच्या आवर्ती नियमाच्या विकासावर पुस्तके लिहिली. झिर्कोनियमवर वर्षानुवर्षे काम केले. १९०५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९०० ते १९१४ या काळात ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू. त्यांच्या कारकिर्दीत पदव्युत्तर शिक्षणाची नीट घडी बसली, नवे ग्रंथालय उभे राहिले, प्रयोगशाळा वाढल्या. एका प्रांतिक कॉलेजचे खरे विद्यापीठ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे केमिस्ट्रीच्या इमारतीला त्यांचे नाव दिले गेले यात वरवर पाहता खटकण्यासारखे काही नाही.

आता याच तारखा दुसऱ्या बाजूने वाचा.

व्हेनेबल अध्यक्ष झाले ते साल १९००. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून काळ्या माणसांचा मताधिकार जवळजवळ संपवण्यात आला. साक्षरतेची परीक्षा ठेवली, आणि गोऱ्या निरक्षरांना त्यातून सोडवण्यासाठी आजोबाला १८६७ पूर्वी मत होते का अशी अट घातली. गुलामाच्या नातवाचा आजोबा मतदार कुठून असणार? त्याच्या दोन वर्षे आधी, १८९८ च्या नोव्हेंबरमध्ये, विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांची कत्तल केली आणि लोकांनी निवडून दिलेले शहराचे सरकार बंदुकीच्या जोरावर उलथवले. या सगळ्या मोहिमेचे पुढारी, वर्तमानपत्रवाले आणि पैसेवाले पुढे याच विद्यापीठाच्या इमारतींवर सन्मानाने चढले.

आणि १९१३. त्या वर्षी २ जूनला विद्यापीठाच्या दर्शनी आवारात एका कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा बसवला गेला. कॉन्फेडरेट म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून लढलेली दक्षिणेकडची राज्ये. पुतळा एका महिला संघटनेच्या पुढाकाराने आला, पण विद्यापीठाने तो आपल्या जागेत, आपल्या समारंभात, मानाने घेतला आणि त्यावेळी अध्यक्षपदावर व्हेनेबल होते. त्यांचे स्वतःचे वडील कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ली यांच्या खास अधिकाऱ्यांपैकी एक. त्या समारंभात ज्युलियन कार नावाच्या उद्योगपतीने भाषण केले. तो विद्यापीठाचा विश्वस्तही होता. युद्ध संपल्यावर याच जागेपासून शंभर यार्डांवर आपण एका काळ्या स्त्रीला तिच्या अंगावरच्या कपड्यांच्या चिंध्या होईपर्यंत चाबकाने फोडले, असे त्याने भर सभेत अभिमानाने सांगितले. समोर राज्याचे गव्हर्नर, प्राध्यापक, विद्यार्थी, प्रतिष्ठित स्त्री-पुरुष. ते भाषण कागदपत्रांत पडून राहिले आणि जवळजवळ शंभर वर्षांनी इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने ते लोकांपुढे आणले.

साल लक्षात ठेवा मित्रांनो. १९१३ च्या जूनमध्ये चॅपेल हिलला हे चालले होते आणि जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. ज्या अमेरिकेने बाबासाहेबांना वर्गात मोकळा श्वास दिला, तीच अमेरिका दक्षिणेत चाबूक मारल्याच्या भाषणाला टाळ्या देत होती. आपल्या भाषणांत कोलंबियाचे कौतुक भरपूर येते. या दुसऱ्या अमेरिकेचा उल्लेख त्या मानाने कमी येतो. बाबासाहेबांना ती चांगली ठाऊक होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते काही शिष्टाचार म्हणून नव्हे.

चॅपेल हिलच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा जिंकलेली लढाई तुलनेने सरळ होती. सॉन्डर्स हॉल नावाची इमारत होती. हा सॉन्डर्स नॉर्थ कॅरोलिनातल्या कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या. नाव देताना विश्वस्तांनी त्याच्या पात्रतेत ही गोष्टही लिहून ठेवली होती. इतका उघड पुरावा असल्यावर कुणाची बाजू मांडायची? तरीही २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली. विद्यार्थ्यांची मागणी होती की काळ्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांचे नाव द्या. विश्वस्तांनी नाव काढले आणि जागी ठेवले 'कॅरोलिना हॉल'. म्हणजे कुणाचेच नाही असे नाव. वर ठराव केला की पुढची सोळा वर्षे कुठल्याच इमारतीचे नाव बदलायचे नाही.

सोळा वर्षे! १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला पाटी लागली, तीही अर्धी. नामांतर मागितले, नामविस्तार मिळाला. मध्ये लाँग मार्च झाला, लाठ्या झाल्या, तुरुंग झाले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. सत्ता जगात कुठेही असो, हरत आली की तिची युक्ती एकच असते. मागणीतला नेमका शब्द काढून घ्यायचा, उरलेले द्यायचे आणि वर काळाचे कुलूप लावायचे. अमेरिकेतले ते कुलूप अखेर २०२० मध्ये तुटले. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश रस्त्यावर आला तेव्हा. सैनिकाचा तो पुतळा त्याआधीच, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, आंदोलकांनी दोर लावून खाली ओढला होता.

पण व्हेनेबल हॉलचे प्रकरण सॉन्डर्ससारखे सरळ नाही. हा माणूस क्लॅनचा म्होरक्या नव्हता. चाबूक त्याने मारला नाही, चाबूक मारणाऱ्याला व्यासपीठ मिळाले त्या संस्थेचा तो प्रमुख होता. आणि त्याचे शास्त्र खोटे नव्हते. आपल्या सगळ्यांना भिडणारा अवघड प्रश्न हा आहे. खलनायक ओळखणे सोपे असते. सज्जन, विद्वान, कर्तबगार माणूस अन्यायाच्या व्यवस्थेत चौदा वर्षे सर्वोच्च खुर्चीवर बसतो आणि त्या अन्यायाला हात लावत नाही, त्याचे काय करायचे? आपल्या विद्यापीठांत असे कितीतरी विद्वान होऊन गेले आणि आजही आहेत.

इथे मला बाबासाहेबांचे १९४३ चे पुण्यातले भाषण महत्त्वाचे वाटते. न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेले. प्रामाणिकपणा आणि बुद्धी असेल तर माणूस इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरतो, पण तेवढ्याने तो महापुरुष होत नाही, असा त्यात बाबासाहेबांचा युक्तिवाद आहे. महापुरुषामागे सामाजिक प्रेरणा हवी, समाजातली घाण झाडून काढण्याचे काम त्याने केलेले हवे, तरच आदरावर त्याचा हक्क पोचतो. ही कसोटी व्हेनेबल यांना लावा. पहिल्या निम्म्यात ते पूर्ण गुणांनी उत्तीर्ण आहेत. दुसऱ्या निम्म्यात कोरा पेपर. केमिस्ट्रीसाठी त्यांचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही, नतमस्तक होण्याची गरज नाही.

म्हणून माझे मत, काही मित्रांना ते मवाळ वाटेल, असे आहे की व्हेनेबल यांची पाटी काढण्यापेक्षा ती पूर्ण करावी. झिर्कोनियम लिहा आणि शेजारी १९१३ लिहा. नाव गुपचूप काढले की संस्थेला हात झटकायला बरे. उद्या म्हणतील, आमचा त्याच्याशी काय संबंध? सॉन्डर्सच्या बाबतीत मी असे म्हणणार नाही. तिथे नाव देण्याचे कारणच गुन्हा होते.

आता या इमारतीची खरी गोष्ट. जुना व्हेनेबल हॉल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तो जीर्ण झाला म्हणून विद्यापीठाने पाडला आणि त्या ठिकाणी नवी आधुनिक इमारत बांधली. २०१० मध्ये ती सुरू झाली. भिंती नव्या, पाया नवा, प्रयोगशाळेतला नळसुद्धा नवा. नाव तेवढे जुने. तोवर त्याच आवारात, त्याच अंगणात, पुतळ्याविरुद्ध निदर्शने होत होती. विद्यापीठाला थांबून विचार करायला याहून चांगली संधी कुठली? पण पाटी जुन्या भिंतीवरून नव्या भिंतीवर गेली आणि त्यावरून काही मोठी खळबळ माजली नाही. वर्चस्व असेच टिकते. त्यासाठी दर वेळी कुणी दुष्ट माणूस लागत नाही, सवय पुरते. नव्या इमारतीला जोडून जी दुसरी इमारत आहे तिचे नाव मरे हॉल. पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, वा, पॉली मरे! पण हे मरे म्हणजे रॉइस मरे, तिथलेच नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पॉली मरे म्हणजे काळ्या असल्यामुळे १९३८ मध्ये ज्यांचा प्रवेश अर्ज याच विद्यापीठाने नाकारला आणि पुढे ज्या अमेरिकेतल्या मोठ्या नागरी हक्क वकील झाल्या, त्या. २०२० मध्ये इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या इमारतीला आपणच पॉली मरे यांचे नाव लावले. अधिकृत नाव मात्र हॅमिल्टन हॉल, क्लॅनची तरफदारी करणारा इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे.

या विद्यापीठात पहिले काळे विद्यार्थी आले १९५१ मध्ये, कोर्टाच्या आदेशाने, कायद्याच्या शाखेत. पदवीच्या वर्गात पहिले तिघे आले १९५५ मध्ये, तेही कोर्टात लढून. म्हणजे व्हेनेबल यांच्या सगळ्या कारकिर्दीत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तिथल्या प्रयोगशाळेत एकही काळा विद्यार्थी टेस्ट ट्यूब हातात धरू शकला नाही. झाडू धरू शकत होता. आरक्षणाला विरोध करणारे आपल्याला गुणवत्तेचे पाढे शिकवतात तेव्हा हे सांगत जा. ज्या शर्यतीत निम्म्या लोकांना मैदानातच येऊ दिले नाही, तिथल्या पहिल्या क्रमांकाला काय म्हणायचे? व्हेनेबल हुशार होते यात शंका नाही. पण ते कुणापेक्षा हुशार होते हे त्या काळात तपासलेच गेले नाही.

केमिस्ट्रीचा एक धागा तर थेट आपल्या देशापर्यंत येतो. १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रे नावाच्या गावात थॉमस विल्सन आणि जेम्स मोरहेड यांच्या कारखान्यात अॅल्युमिनियम करायला गेले आणि भट्टीतून कॅल्शियम कार्बाइड निघाले. त्यावर पाणी पडले की जळणारा वायू सुटे. हा वायू आणि पदार्थ नेमका काय हे ओळखण्यात व्हेनेबल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यांतला एक मालकाचाच मुलगा जॉन मोरहेड, दुसरा विल्यम रँड केनन. त्या शोधातून उभ्या राहिलेल्या धंद्यातून १८९८ मध्ये युनियन कार्बाइड ही कंपनी जन्माला आली. हो, तीच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये जिच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि भिंतीला लागून असलेल्या गरिबांच्या झोपड्यांत हजारो माणसे मेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सौदा मिटला. याचा दोष व्हेनेबल यांच्या माथी मारणे मूर्खपणा ठरेल, ते त्याआधी पन्नास वर्षे वारले होते. पण पैसा कुठे गेला ते पाहा. कार्बाइडमध्ये श्रीमंत झालेल्या मोरहेडच्या नावाने चॅपेल हिलला घंटाघर आहे, तारांगण आहे. भोपाळच्या जयप्रकाश नगरमध्ये त्याच्या नावाचे काय आहे?

आणि केनन. त्याने दिलेल्या पैशातून १९२७ मध्ये विद्यापीठाचे फुटबॉल मैदान उभे राहिले, आई-वडिलांच्या स्मरणार्थ. वडिलांचेही नाव विल्यम रँड केननच. हे वडील १८९८ च्या विल्मिंग्टन हत्याकांडात मशीनगनच्या तुकडीवर होते. हे उजेडात आल्यावर २०१८ मध्ये विद्यापीठाने काय करावे? मैदानाचे नाव तेच ठेवले आणि पाटीचा मजकूर बदलला. आता म्हणे ते वडिलांच्या नव्हे, मुलाच्या नावाने! एकही अक्षर न हलवता नामांतर. आपल्याकडच्या मुत्सद्द्यांनासुद्धा ही कल्पना सुचली नसती.

२०२० नंतर काही नावे खरोखर उतरली. मताधिकार काढून घेण्याच्या मोहिमेवर गव्हर्नर झालेला आयकॉक उतरला, चाबूकवाला कार उतरला, द्वेष पसरवणारा संपादक डॅनियल्स उतरला. आयकॉकच्या वसतिगृहाला हॉर्टेन्स मॅक्लिंटन यांचे नाव आले, त्या विद्यापीठातल्या पहिल्या काळ्या प्राध्यापिका. हा विजय लहान नाही. पण लगेच पुढच्या वर्षी काय झाले? 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना पत्रकारितेच्या विभागात नेमताना विश्वस्तांनी कायम पद देणे लांबवले. त्या विभागाला अडीच कोटी डॉलर देण्याचे कबूल करून स्वतःचे नाव लावून घेतलेल्या देणगीदाराने त्यांच्याबद्दल आपली नाराजी आधीच विद्यापीठाला कळवली होती. गदारोळ झाल्यावर पद देऊ केले, त्यांनी ते नाकारले आणि हॉवर्ड या काळ्यांच्या ऐतिहासिक विद्यापीठात गेल्या. मेलेल्यांच्या पाट्या उतरत होत्या आणि जिवंत माणसाची पाटी नेमणुका ठरवत होती.

मग २९ जून २०२३. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. त्या निकालात दोन विद्यापीठे होती. एक हार्वर्ड, दुसरे हेच चॅपेल हिल. विद्यापीठाने स्वतः कोर्टात ती पद्धत राखण्यासाठी बाजू मांडली हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण निकाल विरोधात गेला. मॅक्लिंटन यांचे नाव वसतिगृहावर आहे आणि त्या वसतिगृहात काळी मुलगी पोचण्याची वाट अरुंद झाली आहे. आपल्याकडेही दारावर बाबासाहेबांचे नाव आणि आत राखीव जागांचा अनुशेष हे दृश्य कुणाला नवे आहे?

म्हणून मला वाटते, 'नाव की जागा' ही निवडच आपण स्वीकारू नये. नाव ठरवणारे मंडळ आणि जागा ठरवणारे मंडळ एकच असते. चॅपेल हिलमध्ये ते विश्वस्त मंडळ होते. आपल्याकडे व्यवस्थापन परिषद, सिनेट, आणि खासगी संस्थांत कार्यकारिणी. लढाईचा पत्ता तो आहे. औरंगाबादला १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा त्यांनी कुणाच्या इमारतीवर नाव मागितले नाही, स्वतःची संस्था उभी केली, आणि तिला नाव दिले ते अवघड प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

चॅपेल हिलच्या अंगणात अजून एक स्मारक आहे. २००५ मध्ये लोकार्पण झालेले, २००२ च्या पदवीधर तुकडीने दिलेले. विद्यापीठाच्या पहिल्या इमारती ज्यांनी बांधल्या त्या गुलाम आणि स्वतंत्र काळ्या मजुरांसाठी. काळ्या दगडाचे एक गोल टेबल, आणि ते तोलून धरणारे ब्रॉन्झचे तीनशे छोटे माणसे-बायांचे पुतळे, जमिनीलगत. ज्या अंगणात गुलामगिरीचा सैनिक तेव्हा उंच चौथऱ्यावर उभा होता, त्याच अंगणात विद्यापीठ बांधणारे लोक गुडघ्याच्या उंचीचे, आणि त्यांच्या डोक्यावरच्या टेबलावर मुले बसून डबा खातात. बनवणाऱ्या शिल्पकाराचा हेतू वाईट नसेल. पण सैनिक वर आणि मजूर खाली ही मांडणी त्याच्या आधीपासून ठरलेली होती.

तुमच्या विद्यापीठात, कॉलेजात ज्या इमारतीत तुमचे वर्ग भरतात तिला नाव कुणाचे आहे ते बघा. नाव देण्याचा ठराव कोणत्या साली झाला, कुणी मांडला, देणगी किती होती, त्या वर्षी त्या विभागात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि प्राध्यापक किती होते, आणि आज किती आहेत. संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर होतो, फी दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एक अर्ज नावाचा आणि एक रोस्टरचा, दोन्ही एकाच दिवशी टाका.